झेंडा धरायचा की नाही, हे आधी वेळापत्रकाला विचारा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी सतरा वर्षांची, १० मीटर एअर रायफल खेळते, पहिल्यांदाच परदेशातल्या युवा स्पर्धेला भारताच्या पथकातून चालली आहे. उद्घाटन सोहळ्यात तिरंगा धरशील का, असं पथकप्रमुखांनी तिला विचारलं आहे. सोहळा संध्याकाळी आणि तिची पात्रता फेरी मध्ये एक दिवस सोडून सकाळी नऊला. प्रशिक्षक म्हणतात, अजिबात नको. तुम्ही लिहिता, अशी संधी आयुष्यात एकदाच येते. शिवाय नाही म्हटलं तर कुणी मनात धरेल, ही भीतीही आहे. आणि शेवटी एक ओळ तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘ती स्वतः काहीच बोलत नाही.’ त्या ओळीकडे मी नंतर येते.

मी क्रीडाशिक्षिका. मुलींच्या पथकाबरोबर एक महिला व्यवस्थापक लागते, त्या कामासाठी गेली बरीच वर्षं देशात आणि बाहेर जाते आहे. बसची वेळ, जेवणाची कुपनं, ओळखपत्रं, रात्री दोनला दुखणारं पोट, हे माझं काम. त्यामुळे उद्घाटन सोहळा मी टीव्हीवर दिसतो त्या बाजूने कमी आणि पडद्यामागून जास्त पाहिला आहे. जे सांगते ते तिथून दिसलेलं आहे.

तुम्ही प्रश्न ‘मान की पदक’ असा मांडला आहे. तसा तो नाही, असं मला वाटतं. तीन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्या आहेत: त्या एका संध्याकाळी तिच्या शरीराचं काय होणार, मधल्या दिवशी तिला काय काय करायचं आहे, आणि नकार द्यायचा तर कसा द्यायचा. पहिल्या दोन गोष्टी कागद-पेन घेऊन मोजता येतात. त्या मोजल्या की तिसरीची धास्ती बरीच कमी होते.

आधी मोठ्यांची उदाहरणं बघू, कारण घरात वाद सुरू झाला की हीच उदाहरणं अर्धवट आठवणीने फेकली जातात. लंडन २०१२ ला सुशील कुमारने तिरंगा धरला. सोहळा २७ जुलैला होता, त्याची कुस्ती १२ ऑगस्टला, आणि त्याने रौप्य जिंकलं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, २०१८ ला, नीरज चोप्रा ध्वजवाहक होता. सोहळा १८ ऑगस्टला, भालाफेक २७ ला, ८८.०६ मीटर आणि सुवर्ण. अथेन्स २००४ ला अंजू बॉबी जॉर्ज. तिची लांब उडी सोहळ्यानंतर जवळजवळ दोन आठवड्यांनी होती आणि तिथे तिने ६.८३ मीटरची उडी मारली. या तिघांकडे मोकळे दिवस होते. अशा खेळाडूने हो म्हणायला मागेपुढे बघायचं कारणच नाही.

तुमच्या मुलीच्या खेळातलं उदाहरण अभिनव बिंद्राचं. रिओत ५ ऑगस्ट २०१६ ला त्याने तिरंगा धरला आणि ८ ऑगस्टला १० मीटर एअर रायफल खेळला. चौथा आला, बरोबरी सोडवण्याच्या एका गोळीवर पदक हुकलं. ‘झेंडा धरला म्हणून’ असं त्यावर कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. मध्ये दोन पूर्ण दिवस होते, आणि ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं. अशा सोहळ्यानंतरची रात्र कशी काढायची हे त्याला ठाऊक होतं. सतरा वर्षांच्या मुलीला ते ठाऊक नसतं, आणि फरक नेमका तिथे पडतो.

उलट बाजूचं उदाहरण टोकियोचं. २३ जुलै २०२१ ला मेरी कोमबरोबर मनप्रीत सिंगने तिरंगा धरला आणि दुसऱ्याच दिवशी न्यूझीलंडविरुद्ध हॉकीचा सामना खेळला. भारत ३-२ असा जिंकला आणि पुढे कांस्यपदकही आलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हॉकी कर्णधार हरमनप्रीत सिंगचंही तसंच: २३ सप्टेंबर २०२३ ला झेंडा, २४ ला उझबेकिस्तानविरुद्ध सामना, शेवटी सुवर्ण. मग दुसऱ्या दिवशी खेळणाऱ्याने झेंडा धरू नये, हा नियम खोटा का? माझ्या मते नियम ठीक आहे, पण हॉकीत बदली खेळाडू सतत आत-बाहेर करता येतात आणि सोबत दहा जण पळत असतात. पाय जड असतील तर कर्णधार थोडा दम राखून खेळू शकतो. रायफल नेमबाजीत बदली खेळाडू नाही. त्याच टोकियोत मीराबाई चानूची स्पर्धा २४ जुलैला होती. तिने ४९ किलो गटात रौप्य मिळवलं. वजनगटाच्या खेळात तर आदल्या रात्रीचं पाणी आणि जेवणही मोजून असतं. भारोत्तोलनात स्पर्धेच्या दोन तास आधी वजन होतं, आणि अशा मुलीला आदल्या रात्री मैदानात चार तास उभं करणं मी कधीच मान्य करणार नाही.

म्हणजे ‘अमक्याने धरला होता’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. खेळ कुठला, मध्ये किती तास, आणि खेळाडू किती मुरलेला, एवढंच पाहायचं.

आता ती संध्याकाळ. टीव्हीवर आपलं पथक एखाद-दोन मिनिटं दिसतं. प्रत्यक्षात बस दुपारी चार-साडेचारला लागते, कारण सुरक्षा तपासणीत मोठी रांग असते. पाच-सहा वाजता एखाद्या आवारात किंवा शेजारच्या हॉलमध्ये सगळी पथकं थांबवतात. खुर्च्या सगळ्यांना पुरत नाहीत. जेवण म्हणजे एक पाकीट: पाव, केळं, रसाचा डबा. पाणी मिळतं, पण स्वच्छतागृह लांब आणि रांग मोठी, म्हणून मुली पाणी प्यायच्याच थांबतात. हे मी दर वेळी बघते आणि दर वेळी मागे लागून पाजते.

संचलनाचा क्रम यजमान देशाच्या भाषेतल्या नावांप्रमाणे लागतो. ऑलिंपिकमध्ये ग्रीस सगळ्यात आधी आणि यजमान सगळ्यात शेवटी. टोकियोत जपानी अक्षरक्रमाने भारत २१ व्या क्रमांकावर आला होता. नाव लवकर आलं तर आत जाऊन बाकीच्या सगळ्यांची वाट बघत उभं राहायचं. उशिरा आलं तर बाहेर ताटकळायचं. तास तेवढेच. मोठ्या स्पर्धांचे सोहळे साधारण चार तास चालतात. संचलनानंतर भाषणं, शपथ, ज्योत, आतषबाजी, आणि मग हजारो मुलं एकाच वेळी बस शोधतात. क्रीडाग्रामात खोलीवर पोचायला मध्यरात्र उलटते. आणि पोचल्यावर झोप येत नाही. अंगात आनंद भरलेला असतो, फोनवर घरचे, मैत्रिणी, फोटो. आमच्या मुली पहाटे तीनपर्यंत जाग्या असतात.

यात ध्वजवाहकाचं काम वेगळं आणि जास्त आहे. ती सगळ्यांच्या पुढे असते, मागे वळून मैत्रिणीच्या खांद्यावर टेकू शकत नाही. काठी उभी धरायची म्हणजे कोपर आणि मनगट अडकलेलं, कंबर ताठ. वारा असेल तर कापड शिडासारखं ओढतं, आणि ती ओढ कंबरेत जाते. आता तुमच्या मुलीचा खेळ आठवा. तिची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ती उभी राहते तेव्हा कंबर मागे झुकवून, डावं कोपर बरगडीजवळ टेकवून उभी राहते. सगळा तोल कंबरेच्या खालच्या भागावर. साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं, आणि दहाच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. धावपटूच्या पायात किंचित जडपणा असला तर वॉर्मअपमध्ये निघून जातो. नेमबाजाच्या कंबरेतला तेवढाच जडपणा लक्ष्यावर दिसतो. तिचे प्रशिक्षक ‘अजिबात नको’ म्हणतात ते यामुळे असावं. त्यांच्याकडे अडवणारा माणूस म्हणून बघू नका. मुलीच्या अंगाची सवय त्यांना माझ्यापेक्षा आणि माफ करा, तुमच्यापेक्षाही जास्त आहे.

मधल्या दिवसाबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘एक पूर्ण दिवस विश्रांतीला मिळतोच.’ इथे तुमचा हिशोब चुकतो आहे. नेमबाजीत स्पर्धेच्या आदल्या दिवशी अधिकृत सराव असतो, आणि जॅकेट, पँट, बूट, रायफल यांची साहित्य तपासणीही बहुतेक त्याच सुमाराला येते. जॅकेटची जाडी किंवा ताठपणा नियमात बसला नाही तर धावपळ होते. म्हणजे रात्री तीनला झोपलेली मुलगी सकाळी आठला पुन्हा बसमध्ये. तो दिवस कामाचाच आहे. पॅरिसला पी. व्ही. सिंधू आणि टेबल टेनिसपटू शरथ कमल यांनी २६ जुलै २०२४ ला पावसात, सेन नदीतल्या बोटीवर तिरंगा धरला आणि दोघांचेही पहिले सामने २८ तारखेला होते. तोच एक दिवसाचा फरक. पण सिंधूच्या पहिल्या सामन्याचं स्वरूप आणि साठ गोळ्यांच्या पात्रता फेरीचं स्वरूप एक नाही. बॅडमिंटनमध्ये पहिल्या गेममध्ये गडबडलं तरी सावरायला दुसरा-तिसरा गेम असतो. पात्रता फेरीत पहिल्या दहा गोळ्यांत गेलेले गुण परत येत नाहीत.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या युवा पथकात एक लांब उडी मारणारी मुलगी होती, हुशार, उंच, दिसायला छान. झेंडा तिच्याकडे गेला. तिची फेरीही अशीच एक दिवस सोडून होती, आणि मी वेळापत्रक बघून ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. सोहळ्याचे बूट पथकाला आदल्या दिवशी मिळाले, नवे, कडक, तिच्या पायाला अर्ध्या मापाने लहान. सहा तास ती त्यात उभी राहिली आणि कुणाला काही बोलली नाही, कारण हातात झेंडा होता. रात्री बूट काढले तर दोन्ही टाचांची कातडी सोललेली. स्पर्धेच्या दिवशी पट्ट्या बांधून स्पाइक घातले, पण टेक-ऑफला पाय टाकताना ती प्रत्येक वेळी किंचित आखडत होती. पात्रता गेली. तिने कधी तक्रार केली नाही. मी मात्र तेव्हापासून आधी बूट बघते आणि मग झेंड्याचं बोलते.

आता नकाराची भीती. झेंडा कुणी धरायचा याचा ऑलिंपिकपुरता एक बदल मार्च २०२० मध्ये झाला: एक पुरुष आणि एक महिला मिळून धरू शकतात. बाकी निवड ज्या-त्या देशाच्या ऑलिंपिक संघटनेची, आपल्याकडे भारतीय ऑलिंपिक संघटनेची. ठरलेली कसोटी नाही. कधी आधीचं पदक, कधी ज्येष्ठता, कधी कर्णधारपद, आणि युवा पथकांत बऱ्याचदा ‘त्या संध्याकाळी कोण मोकळं आहे’ हेच. त्यामुळे ‘सर, माझी फेरी परवा सकाळी आहे’ हे उत्तर पथकप्रमुखांना नवं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरं नाव असतंच. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, २०२२ ला, नीरज चोप्रा ध्वजवाहक होणार होता. जागतिक स्पर्धेत जांघेला दुखापत झाली आणि सोहळ्याच्या दोन दिवस आधी त्याने माघार घेतली. सिंधू आणि मनप्रीत यांनी झेंडा धरला. टोकियो पॅरालिंपिकला मरियप्पन थंगवेलू ऐनवेळी विलगीकरणात गेला, टेक चंदने धरला. दोन्ही वेळा पथक वेळेवर चाललं. मरियप्पनने नंतर रौप्यही मिळवलं.

जे खरंच लोकांच्या मनात राहतं ते म्हणजे उशिरा दिलेला नकार, किंवा हो म्हणून मध्येच निघून जाणं. बर्मिंगहॅमलाच मुष्टियोद्धा लवलिना बोरगोहाइं दुसऱ्या दिवशी सराव आहे म्हणून सोहळा अर्ध्यावर सोडून निघाली आणि परतायला गाडी मिळेना. तिची काळजी योग्य होती. आधी व्यवस्था झाली नव्हती, एवढीच अडचण. ध्वजवाहकाला तर मध्येच निघणं त्याहून अवघड.

म्हणून माझा सल्ला असा. आज ‘नाही’ कळवू नका आणि ‘हो’ही कळवू नका. पथकप्रमुखांना, किंवा पथकाबरोबर माझ्यासारखी जी व्यवस्थापिका असेल तिला, काही गोष्टी विचारा. संचलन झाल्यावर झेंडा स्वयंसेवकाकडे देता येतो की शपथ होईपर्यंत धरून उभं राहायचं असतं? आपलं पथक आत गेल्यावर खेळाडूला घेऊन लवकर परतणारी गाडी मिळेल का, आणि तिच्याबरोबर कोण येईल? साहित्य तपासणी सोहळ्याच्या आधीच उरकून घेता येईल का? मधल्या दिवशी तिच्या सरावाची वेळ दुपारची मिळेल का? या चारांपैकी लवकर परतीची गाडी आणि दुपारचा सराव ही दोन उत्तरं ‘हो’ आली, ती रात्री दहा-साडेदहाला अंथरुणावर असेल अशी खात्री झाली, तर मी प्रशिक्षकांसमोर तिची बाजू मांडेन. ही दोन जमत नसतील तर मी प्रशिक्षकांच्या बाजूने आहे, आणि तुमच्या घरी मला हे समोर बसूनही सांगायला आवडलं असतं.

नकार द्यायचा ठरला तर तो मुलीने स्वतः द्यावा, एका दिवसात, आणि कारणासकट. ‘मला मान मोठा वाटतो, पण माझी फेरी परवा सकाळी आहे आणि मधल्या दिवशी तपासणी व सराव आहे. समारोपाला संधी असेल तर मला नक्की आवडेल.’ समारोपाचा झेंडा हा वेगळा मान आहे, हे फार कमी पालकांच्या लक्षात असतं. पॅरिसमध्ये समारोपाला मनू भाकर आणि पी. आर. श्रीजेश होते, रिओत साक्षी मलिक. तो बहुधा कामगिरीवर ठरतो, त्यामुळे आधी वचन कुणी देणार नाही. पण तोपर्यंत तिची स्पर्धा संपलेली असेल.

आता ती ओळ. ती काहीच बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंय. या वयाच्या मुली गप्प असतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी मनात ठरवलेलं असतं, पण बाबांना वाईट वाटेल का, सर रागावतील का, याची चाचपणी चाललेली असते. तुमच्या पत्रात ‘आम्हाला फोटो बघायचाय’ हे वाक्य आहे. त्यात काही गैर नाही. मुलगी तिरंगा घेऊन पुढे चालते आहे हे बघायचं कुणाला नको असेल? भाग्यश्री जाधव, आपल्या नांदेडची, पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सुमित अंतिलबरोबर तिरंगा घेऊन होती, तेव्हा मी खोलीत एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. आणि २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपल्या ऑलिंपिक संघटनेवर बंदी असल्यामुळे भारताच्या खेळाडूंना उद्घाटनाला ऑलिंपिक ध्वजाखाली चालावं लागलं. बंदी ११ फेब्रुवारीला उठली, उद्घाटन ७ तारखेला होऊन गेलं होतं. तिरंगा असणं आणि नसणं यातला फरक आम्ही पथकातली माणसं ओळखतो. म्हणूनच म्हणते, फोटोची इच्छा तुम्ही तिला बोलून दाखवू नका. तिला एकटीला विचारा, जेवणानंतर, प्रशिक्षक आणि आई नसताना: ‘कुणी काहीच म्हणालं नसतं तर तू काय केलं असतंस?’ आणि मग उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

तिने हो म्हटलं आणि वरच्या दोन गोष्टी जमल्या, तर तयारी घरीच सुरू करा. ऑलिंपिकमध्ये झेंडा आणि काठी यजमान आयोजक देतात, सगळ्या देशांना एकाच मापाची. इतर स्पर्धांतही बहुतेक तसंच. म्हणजे खरा झेंडा तिला त्या दिवशीच, कधी कधी प्रवेशद्वाराशीच हातात मिळतो. पडद्याचा लांब पाइप घ्या, त्याला एखादी मोठी ओढणी बांधा आणि गच्चीवर संध्याकाळच्या वाऱ्यात दहा मिनिटं चालू द्या. एक हात छातीच्या उंचीवर, दुसरा खाली पोटाशी, काठीचा भार खालच्या हातावर. दुसरा ध्वजवाहक असेल तर कोण कुठल्या बाजूला आणि पहिलं पाऊल कोण टाकणार, हे प्रतीक्षेच्या वेळेत ठरवून घ्यायचं. कापड काठीला गुंडाळलं गेलं तर झटका द्यायचा नाही, काठी सावकाश फिरवायची. केशरी वर, टोक जमिनीला लागू द्यायचं नाही. आणि मानाच्या व्यासपीठासमोरून जाताना पुढच्या एखाद्या देशाने झेंडा झुकवला तरी आपण झुकवायचा नाही. २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, कुठल्याही व्यक्तीला किंवा वस्तूला मानवंदना म्हणून तिरंगा झुकवत नाहीत. हे तिला आधी माहीत असलं की तिथे गोंधळ होत नाही.

खिशात दोन केळी आणि खारे शेंगदाणे, दुपारी पोटभर भात-वरण, दर तासाला पाणी, रांग असली तरी स्वच्छतागृहात जायचं. परतल्यावर फोन तुम्हीच बंद करायला सांगा. तुमचा फोन पहिला असेल, म्हणून तोच छोटा ठेवा.

आणि सोहळ्याचे बूट पथकाकडून आजच मागून घ्या. मिळाले नाहीत तर मापाचे, काळे, तिचे वापरातले बूट चालतील का ते विचारा. मिळाले तर रोज अर्धा तास घरात घालून फिरू द्या, जाड मोजे घालून.